मेडुसाचं अनेकवचन

"दहा मेडुसा काढल्यात रे त्यानं, पळ!" हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, रात्री अडीचला, आणि तेव्हा त्यात काही चुकलंय असं मला अजिबात वाटलं नव्हतं, म्हणजे चुकलं एवढंच होतं की त्या दहाच्या दहा मेडुसा गेममधल्या माझ्या टाउन सेंटरकडे, म्हणजे मुख्य ठाण्याकडे, येत होत्या आणि माझ्याकडे सगळे साधे भालेवाले होते. पाच मिनिटांत माझ्या दारात दगडी पुतळ्यांचं प्रदर्शन भरलं. शेजारच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. त्या रात्रीची मॅगी माझ्या खर्चानं.

गेम होता एज ऑफ मायथॉलॉजी, २००२ चा. आम्ही खेळत होतो २००६ मध्ये, कारण आमच्या विंगमधल्या पीसींवर नवीन काही चालायचंच नाही, ५१२ एमबी रॅम म्हणजे तेव्हा श्रीमंती होती. पीसी एकमेकांना जोडायला वर्गणी काढून एक नेटवर्क स्विच घेतलेला, वायरी खिडकीतून बाहेर काढून पलीकडच्या खोलीत, पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. ग्रीक घेतलं की आधी मुख्य देव निवडायचा, झ्यूस, पोसायडन नाहीतर हेडीस, मग प्रत्येक युगाला एक छोटा देव, आणि तो देव तुम्हाला एक राक्षस देणार. अथीनानं बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर दिला, एरीसनं एकडोळ्या सायक्लॉप्स, डायोनायससनं अनेक डोक्यांचा हायड्रा, हेरानं नजरेनं दगड करणारी मेडुसा. त्यासाठी फेवर, म्हणजे देवाची मर्जी, लागायचा आणि फेवर मिळवायला गावकऱ्यांना देवळासमोर नुसतं उभं करायचं, ते हात वर करून प्रार्थना करत बसणार. आमच्यातला एक जण पंधरा गावकरी देवळासमोर लावायचा, आम्ही त्याला बडवे म्हणायचो.

आणि मग राक्षस थेट रांगेत बाहेर यायचे. क्लिक, एक मेडुसा. क्लिक क्लिक, अजून दोन.

आता गंमत बघा. झ्यूस घेतला की शेवटच्या युगात हेरामार्फत मेडुसा मिळतात, आणि हेडीस घेतला की तुमच्याकडे पर्सियस नावाचा हीरो असतो, ज्याच्या हातात मेडुसाचं तोडलेलं मुंडकं असतं आणि ते दाखवून तो समोरच्याला दगड करतो. म्हणजे एकाच मॅचमध्ये, एकाच मैदानावर, एका बाजूनं दहा जिवंत मेडुसा सरपटत येतायत आणि दुसऱ्या बाजूला एक पोरगा अकराव्या मेडुसाचं डोकं हातात घेऊन उभा आहे. आम्ही हे शेकडो वेळा बघितलं असेल. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की भावा, हे मुंडकं नेमकं कुणाचं?

मला कळलं ते खूप नंतर, नोकरी लागल्यावर, पुण्यात बसमध्ये फोनवर ग्रीक कथा वाचायचा नाद लागला तेव्हा. मेडुसा एकच होती. हेसिअड या जुन्या ग्रीक कवीनं सांगितलंय तसं गॉर्गन तीन बहिणी, स्थेनो, युरिअली आणि मेडुसा, त्यातल्या दोघी अमर आणि ही एकटी मर्त्य, म्हणून तर पर्सियस हिच्याच मागे लागला, बाकीच्या दोघींना मारता येतच नव्हतं. तिचं डोकं उडवल्यावर मानेतून पंखवाला घोडा पेगॅसस बाहेर आला आणि त्याच्यासोबत क्रायसेऑर. पुढे ते डोकं अथीनाकडे गेलं. विषय संपला. मेडुसा हे जातीचं नाव नाहीच, ते एका बाईचं नाव आहे.

म्हणजे शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत, मेडुसा हे विशेषनाम. आणि गेमवाल्यांनी त्याचं सामान्यनाम केलं. आता विशेषनामाचं अनेकवचन होत नाही हे आम्हाला बाईंनी सातवीत घोकून घेतलेलं, आणि लगेच त्याला अपवाद पण शिकवलेला, 'आम्हाला आजच्या विद्यार्थ्यांत सुदाम नको, भीम हवेत' हे वाक्य स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक गाईडमध्ये असतंच, ज्यांनी एमपीएससीसाठी तीन-चार वर्षं घातलीत त्यांना झोपेतही आठवेल. तसं आपण सर्रास करतो. झारीतले शुक्राचार्य म्हणतो, घरात कुंभकर्ण झोपलेत म्हणतो. पण तिथे ऐकणाऱ्याला मूळचा एक कुंभकर्ण माहीत असतो म्हणून मजा येते. मला मूळची मेडुसा माहीतच नव्हती. माझ्यासाठी ती घोडेस्वारासारखी एक युनिट होती, कुठल्या युगात निघते आणि कशानं मरते एवढीच तिची माहिती.

आणि मराठीत तर तिचं अनेकवचन पण मेडुसाच होणार, एक शाळा दहा शाळा, एक मेडुसा दहा मेडुसा. भाषेनं पण साथ सोडली.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की सगळेच काही एकटे नव्हते, तर हो, मान्य आहे. सेंटॉर म्हणजे माणूस-घोडे ही टोळीच होती, सॅटर टोळीनंच फिरायचे, हार्पी म्हणजे पंखवाल्या बाया पण एकापेक्षा जास्त. सायक्लॉप्सचं तर दोन्हीकडून आहे, हेसिअडकडे तिघे भाऊ, ब्रॉन्टीस, स्टेरोपीस आणि आर्जीस, झ्यूसला वज्र बनवून देणारे कारागीर, आणि होमरकडे एका किनाऱ्यावर राहणारी मेंढपाळांची अख्खी वस्ती. म्हणून हार्पींचा थवा आला तर माझी तक्रार नाही. गॉर्गन म्हणून तीन आल्या तरी तक्रार नाही. चौथी आली की मी विचारणार, बाई तुम्ही कोण.

गॉड ऑफ वॉरमध्ये चौथीच काय चाळिसावी पण येते. २००५ चा पहिला भाग, पीएस टू वर. मी एका दुकानातून सेकंडहँड पीएस टू घेतलेला, दुकानदारानं 'एकदम कडक पीस आहे' म्हणून दिला आणि तो पीस उलटा ठेवला तरच डिस्क वाचायचा, म्हणजे खरोखर पाय वर करून, टीव्हीखाली तो तसा मेलेल्या झुरळासारखा पडलेला असायचा. त्यावर मी क्रेटोस, म्हणजे ह्या गेमचा नायक, खेळलो. सुरुवातच एजियन समुद्रात, वादळ, जहाजं एकमेकांवर आपटतायत आणि हायड्रा. आजही सांगतो, त्याआधी कुठल्याच गेमची सुरुवात बघून मी असा हातातला चहा विसरलो नव्हतो. छोटी डोकी खिळवून टाकायची आणि मोठं डोकं शेवटी जहाजाच्या तुटक्या डोलकाठीवर घुसवायचं. मग क्रेटोस त्याच्या घशात उतरतो, तिथे जहाजाचा कप्तान लटकलेला, बिचारा म्हणतो थँक यू, क्रेटोस म्हणतो मी तुझ्यासाठी आलो नाही, गळ्यातली किल्ली काढून घेतो आणि त्याला खाली सोडतो. काय माणूस आहे.

हायड्रा तिथे एकटाच आहे म्हणून तो लक्षात राहिला. पुढे मेडुसा येते, अ‍ॅफ्रोडाइटी सांगते गॉर्गनांच्या राणीला मार, क्रेटोस तिचं मुंडकं उपटतो आणि ते आपलं हत्यार होतं, इथपर्यंत ठीक, राणी म्हटलंय म्हणजे थोडा तरी मान. पण त्यानंतर रस्त्यारस्त्यावर गॉर्गन. देवळात दोन, जिन्यावर तीन, दार उघडलं की एक. त्यांनी बघितलं की आपण दगड, मग अ‍ॅनालॉग गरागरा हलवून सुटायचं, जवळ गेलं की सर्कल दाबून मान उपटायची, ऑर्ब्स, म्हणजे चमकते गोळे, उडून अंगात. मिनोटॉरचंही तेच, सर्कल दाबत राहायचं आणि तलवार तोंडात घालायची. दहाव्या मिनोटॉरनंतर तो बैल राहत नाही, तो एटीएम होतो.

याच्यामागचं कारण रागावण्यासारखं नाही, हे मला पुढे आयटीत आल्यावर जास्त पटलं. पीएस टू ची मेन मेमरी ३२ एमबी. बत्तीस. आज व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लग्नाच्या एका व्हिडिओला तेवढी लागते. त्यात लेव्हल, आवाज, क्रेटोस, त्याच्या साखळ्या, आणि उरलेल्या जागेत शत्रू. एका राक्षसाचं मॉडेल बनवायचं, त्याच्या आत हाडं बसवायची, चालणं, मारणं, मार खाणं, मरणं ह्या सगळ्याचं अ‍ॅनिमेशन करायचं, एवढी मेहनत घेतल्यावर तो एकदाच वापरून फेकून देणं कुणाला परवडेल? मग त्यालाच रंग बदलून परत आणायचं. हिरवी मेली, आता वेगळ्या रंगाची, जास्त टिकणारी. गर्दी ही ग्रीकांची नाही, बजेटची आहे. आणि हे आजचं नाही, १९८६ च्या कॅसलवेनियात मेडुसाची नुसती मुंडकी हवेत लाटेसारखी वरखाली तरंगत येतात, एका मागे एक, संपतच नाहीत, आणि नेमकी आपण उडी मारली की धडकून खड्ड्यात पाडतात. मी ते इम्युलेटरवर खेळलो आणि पर्सियसबद्दलचा आदर वाढला.

पण एक गोष्ट मान्य करावीच लागेल, शत्रू म्हणून ग्रीक राक्षसांइतका तयार माल दुसरीकडे मिळणं अवघड आहे. गेममध्ये समोरचा काय करणार हे खेळणाऱ्याला त्याच्याकडे बघून अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे, आणि इथे तर शरीरच सगळं सांगतं. बैलाचं डोकं आहे, म्हणजे खाली मान घालून धावत येणार, बाजूला व्हा, भिंतीवर आपटू द्या, मग मागून हाणा. हे आपल्याला कुणी ट्युटोरियलमध्ये सांगावं लागत नाही, बैलपोळ्याला ज्याच्या गल्लीत बैल उधळलाय त्याला उपजतच माहीत. पंख आहेत म्हणजे वरून येणार. एक डोळा आहे म्हणजे तिथेच मारायचं. सापाचे केस आहेत म्हणजे बघू नका.

आणि मारायची युक्ती सुद्धा गोष्टीतच दिलेली. हायड्राचं डोकं कापलं की दोन येतात, मग हेराक्लीस कापत गेला आणि त्याचा पुतण्या आयोलॉस मानेवर डागण्या देत गेला, म्हणजे टू प्लेअर को-ऑप. त्यावरून युरिस्थियस राजानं नंतर हुज्जत घातली की मदत घेतलीस, हे काम धरणार नाही. नेमियाच्या सिंहाच्या कातडीत शस्त्र घुसत नाही, मग गळा दाबायचा, आणि नंतर ती कातडी सोलायची तर त्याच्याच नखांनी. क्रीटच्या किनाऱ्यावर पहारा देणारा टॅलोस, अख्खा ब्राँझचा, अंगात एकच शीर आणि ती घोट्यापाशी बंद केलेली, तेवढी सुटली की खेळ खल्लास. हे वाचलं तेव्हा मी हसलो, कारण गेममध्ये बॉसच्या अंगावर एक जागा लाल चमकत असते आणि सगळे म्हणतात काय फालतू डिझाईन आहे, अरे ते डिझाईन दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

आपल्याकडे तरी काय वेगळं. रक्तबीजाचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज, म्हणून कालीनं थेंब वरच्या वर प्यायचे, हा हायड्राचाच सख्खा चुलत भाऊ. जरासंधाला भीमानं फाडला तरी दोन्ही अर्धे परत चिकटतात, मग कृष्णानं काडी चिरून अर्धे उलट्या बाजूंना टाकून दाखवलं. लहानपणी ऐकलेलं हे आता विचार केला तर सरळ सरळ बॉस फाईटमधली हिंट आहे, तिसऱ्यांदा मेल्यावर स्क्रीनवर येते तशी.

पण मग काय हरवतं? मला जास्त लागलं ते मिनोटॉरचं.

मिनोटॉर हे मुळात नावच नाही. त्याचा अर्थ मायनॉसचा बैल. म्हणजे आपण गावात म्हणतो ना, पाटलाचा बैल, तसं. त्याचं नाव अ‍ॅस्टेरियस, अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहात स्पष्ट दिलंय. त्याचा स्वतःचा गुन्हा काय तर काहीच नाही. मायनॉस राजानं पोसायडनकडे बैल मागितला, बळी देतो म्हणाला, बैल आला तो इतका देखणा की राजाला मोह झाला, त्यानं तो ठेवून घेतला आणि दुसराच कापला. देव चिडला, शिक्षा राजाला नाही, राणीला. पासिफाईला त्या बैलाचं वेड लावलं. त्यातून हे पोर. आणि बापानं काय केलं तर डेडॅलसकडून एक भूलभुलैया बांधून घेतला आणि पोराला आत टाकलं, जेवायला अथेन्सहून सात मुलं आणि सात मुली.

ही शेवटची ओळ वाचली की मराठी माणसाला लगेच बकासुर आठवणार, एकचक्रा नगरी, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, आज कुणाच्या घरची पाळी. तिथे भीम जातो तसा इथे अथेन्सचा वीर थिसियस जातो. मला पण तेच आठवलं. फरक एवढाच की बकासुर स्वतः डोंगराजवळ येऊन बसलेला, गावाला वेठीला धरून. याला दुसऱ्यांनी कोंडलेलं. आत बाहेरचा रस्ता नाही, बोलायला कोणी नाही, आणि वर्षानुवर्षं दार उघडतं तेव्हा आत येतात ती फक्त किंचाळणारी पोरं. आणि आपण ह्याला सर्कल दाबून मारतोय, एकामागून एक, ऑर्ब्ससाठी.

होमरच्या ओडिसीतल्या पॉलिफेमस या सायक्लॉप्सचं पण तसंच. गेममध्ये सायक्लॉप्स म्हणजे गदा घेतलेला ढेरपोट्या, डोळा उपटायचा, गॉड ऑफ वॉर तीनमध्ये तर ते इतकं जवळून दाखवलंय की माझ्या बायकोनं टीव्हीच बंद केला. होमरकडे तो माणसं खातो, त्यात दुमत नाही, त्याच्या गुहेत अडकलेल्या ओडिसियसची सहा माणसं त्यानं खाल्ली. 'माझं नाव कोणीच नाही' ही ओडिसियसची थाप, मग हा बाहेर ओरडतोय मला कोणीच नाही मारतंय आणि शेजारी म्हणतात मग झोप की, हा विनोद तर सगळ्यांना माहीत. पण त्याच्या पुढचं मला माहीत नव्हतं. डोळा गेल्यावर तो गुहेच्या दारात बसतो, मेंढ्या बाहेर सोडताना प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि त्याचा लाडका एडका सगळ्यात शेवटी येतो, नेहमी पहिला असणारा. हा त्याला विचारतो, बाबा रे, आज तू मागे का, धन्याच्या डोळ्याचं वाईट वाटतंय का तुला? आणि त्याच एडक्याच्या पोटाखाली ओडिसियस लोंबकळतोय.

मी हे वाचलं तेव्हा स्वारगेटच्या सिग्नलला होतो आणि पुढचा स्टॉप चुकला.

मेडुसाची गोष्ट अजून वेगळी. तिला गेममध्ये आता ठराविक साच्यात बनवतात, वर सुंदर बाई खाली साप. पण जुन्या ग्रीक चित्रांत आणि शिल्पांत ती तशी नाहीच. गोल भला मोठा चेहरा, बटबटीत डोळे, सुळे, बाहेर काढलेली जीभ, कधी कधी चक्क दाढी. कॉर्फू बेटावर आर्टेमिसचं देऊळ होतं, इ.स.पू. ५८० च्या आसपासचं, त्याच्या दर्शनी भागावर ही अशी गॉर्गन आहे, कमरेला सापांचा पट्टा, शेजारी पेगॅसस आणि क्रायसेऑर, म्हणजे पोरांसकट. देवळाच्या कपाळावर! ढालींवरही तिचा चेहरा काढायचे. कशाला, तर वाईट नजर लागू नये म्हणून. आपण दुकानाला लिंबू-मिरची आणि बांधकामाला काळी बाहुली लावतो, तसं.

त्याचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं हे आपण कुठेतरी बघितलंय. सिन्नरच्या गोंदेश्वरला गेलात तर दगडातली कीर्तिमुखं नीट बघा. तेच डोळे, तेच सुळे. आणि कीर्तिमुखाची गोष्ट पण काय जबरी आहे, शंकरानं राहूला खायला एक भुकेला प्राणी निर्माण केला, मग राहूनं शरणागती पत्करली, प्राणी म्हणाला आता मी खाऊ काय, शंकर म्हणाला स्वतःलाच खा, त्यानं शेपटापासून सुरुवात करून सगळं अंग खाल्लं, फक्त चेहरा उरला, आणि शंकर इतका खूश की म्हणाला तू माझ्या दारावर राहायचं. ग्रीकांचं आणि आपलं काही नातं आहे असं मी म्हणत नाही, मी काही इतिहासकार नाही, पण दोन्हीकडे नुसतं डोकं उरतं आणि दारावर राखणीला बसतं, हे बघून अंगावर काटा आला हे खरं. गॉर्गनचं काम लोकांना आत येऊन मारणं नव्हतंच, वाईटाला बाहेर ठेवणं होतं. आपण तिला आतल्या खोलीतली चौथ्या लेव्हलची शत्रू करून टाकली.

हे सगळं डोक्यात असताना मी हेडीस खेळलो, २०२० मध्ये, सुपरजायंट गेम्सचा. लॉकडाउन, घरातून काम, मीटिंग म्यूटवर आणि हातात कंट्रोलर, खोटं कशाला बोलू. पाताळाचा देव हेडीस, त्याचा पोरगा झॅग्रियस बापाच्या घरातून पळून वर जायला बघतो, मरतो, परत घरी, परत पळतो. पहिला बॉस मेगेरा, फ्युरी म्हणजे सूड घेणाऱ्या तीन देवींपैकी एक, हातात चाबूक. तिला हरवलं, पुढे जाऊन कुठेतरी मेलो, घरी परत आलो तर ती लाउंजमध्ये टेबलाशी बसलेली. म्हणजे आताच आपण जिला मारलं ती ड्यूटी संपवून बसलीये आणि वर आपल्याला सुनावतीये. तिला अमृताची बाटली भेट देता येते. मी इतक्या वर्षांत कुठल्याच शत्रूला काही दिलं नव्हतं.

मग हायड्रा येतो, हाडांचा, लाव्हाच्या मधोमध. तो फक्त फुत्कार टाकतो, त्याला बोलता येत नाही, तर झॅग्रियस स्वतःच त्याचं नाव ठेवतो, लर्नी. लर्नाच्या दलदलीतला म्हणून लर्नी. आणि दर वेळी आला की त्याच्याशी एकतर्फी गप्पा मारतो. एवढीशी गोष्ट, पण त्यानंतर मला तो मारताना जरा अवघडल्यासारखं व्हायचं.

आणि इलिझियममध्ये, म्हणजे पाताळातल्या वीरांच्या स्वर्गात, तो. अ‍ॅस्टेरियस. थेट नावानं. सोबत थिसियस, त्याला मारणारा थिसियस, आता दोघे एका टीममध्ये, आखाड्यात, प्रेक्षक ओरडतायत. थिसियस म्हणजे आपल्याकडचे बॅनरवरचे युवा नेते असतात ना अगदी तसा, फाईटच्या आधी भाषण ठोकणार, आपल्याला राक्षस म्हणणार. आणि बैल शांत. मोजकं बोलतो, हरला तरी शिवी नाही, कधी तर आपल्या खेळाची तारीफ करतो. नंतर कळतं की थिसियसनंच त्याला एरेबसच्या अंधारातून काढून वर आणलेलं. मारामारीत मात्र तो तेच करतो जे गेममधला प्रत्येक मिनोटॉर करतो, मान खाली, धाव, धडक. तीच चाल, पण पीएस टू वरच्या त्या पन्नासांपैकी एकाचं पण तोंड मला आठवत नाही आणि ह्याचा आवाज अजून कानात आहे.

अगदी पूर्ण मार्क देत नाही, कारण ह्याच गेममध्ये डूसा आहे, गॉर्गनचं तरंगतं मुंडकं, हेडीसच्या घरात साफसफाई करणारी, घाबरट, गोड, आणि ह्याच गेममध्ये अ‍ॅस्फोडेलमध्ये अगदी तशीच मुंडकी शत्रू म्हणून घोळक्यानं येतात आणि दगड करतात. एक घरकामाला, बाकीच्या नुसत्या गॉर्गन. बजेट तिथेही आहेच. दुसऱ्या भागात त्यांनी सिला या समुद्रराक्षसिणीला बँडची गायिका केलंय आणि पॉलिफेमस मेंढ्यांसकट आणलाय, मेंढ्या बघून मला बरं वाटलं, पण तो भाग मी अजून पुरता खेळलो नाही, तर त्यावर परत कधीतरी.

असॅसिन्स क्रीड ओडिसीतली स्फिंक्स पण सांगायला हवी, २०१८ चा गेम, ती मारामारीच करत नाही. कोडी घालते, चुकलात की मेलात. आपला यक्षप्रश्नच. मी पहिल्यांदा घाईत काहीतरी दाबलं आणि एका क्लिकमध्ये गेलो, सत्तर तास कमावलेली तलवार कमरेलाच राहिली.

कोणीतरी विचारेल की मग आपल्या राक्षसांचं काय. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं राजी काढला २०२० मध्ये, गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, मला आवडला, छोटा आहे पण भिंतीवरची चित्रं बघत मी अर्धा अर्धा तास थांबायचो. तिथेही साधे असुर घोळक्यानं येतात आणि महाबलासुर एकटा. म्हणजे हा हिशेब ग्रीसपुरता नाही. फक्त उद्या कोणी एखाद्या गेममध्ये बारा बकासुर एकदम सोडले तर मी सगळ्यात आधी भांडायला जाणार, आणि अथेन्समधला एखादा पोरगा माझ्याकडे बघून म्हणेल, आता कळलं?

असो. एज ऑफ मायथॉलॉजीचा नवा अवतार २०२४ मध्ये आला, रीटोल्ड. हॉस्टेलची तीच गँग, आता एक कॅनडात, एक औंधात, एकाला जुळी झालीयेत, तरी मागच्या शनिवारी रात्री अकराला सगळे डिस्कॉर्डवर. बडवेनं परत झ्यूस घेतला. मी मुद्दाम हेडीस घेतला, सगळ्यांना आधी दहा मिनिटं मेडुसावर लेक्चर दिलं, एकच होती, मर्त्य होती, देवळाच्या कपाळावर असायची वगैरे, सगळे म्हणाले बरं. पस्तिसाव्या मिनिटाला त्याच्या मेडुसा आल्या. मी मोजल्या, नऊ. मी पर्सियसला पुढे काढला, एकटा, मुद्दाम एकटा, कारण ह्या गेममध्ये राक्षसांना हीरोच भारी पडतो आणि हीरोला मेडुसा दगड करू शकत नाही, म्हटलं आज गोष्टीप्रमाणेच होऊ दे.

तीन मेडुसा मारल्या त्यानं. मग मागून बडवेचे साधे भालेवाले आले, पाच-सहा असतील, बिननावाचे, सगळ्यात स्वस्तातले, आणि त्यांनी पर्सियसला भोसकून संपवला.

मॅगी परत माझ्याकडेच. कॅनडावाला त्याची मॅगी यूपीआयवर घेणार नाही म्हणाला, पुढच्या वेळी भेटल्यावर.